चौथ्या खांबाचा कल

वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत केतकी डोंगरवारने पाच वाटा धरल्या आणि पाचही सोडल्या. वास्तुकलेची दोन वर्षं, मग सूक्ष्मजीवशास्त्र, मग एका बेकरीत केक सजवायचं काम, मग इस्पितळाच्या स्वागतकक्षातली नोकरी आणि शेवटी घरबसल्या भाषांतरं तपासणं. ती आळशी नव्हती. तिला कुणी कधी काढून टाकलं नाही. बेकरीच्या मालकिणीने तर रडून निरोप दिला. पण साधारण चौथ्या महिन्यात तिच्या आत काहीतरी विझायचं. सकाळी उठून त्याच दारातून पुन्हा आत शिरायचं म्हटलं की पाय जड व्हायचे.

दहावीच्या कल चाचणीत तिचे सगळे स्तंभ एकाच उंचीचे आले होते. समुपदेशक बाईंनी कागद खालीवर करून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. सगळंच जमेल तुला." ते वाक्य केतकीला शापासारखं वाटत आलं होतं.

आई लवकर गेल्यामुळे नागपूरच्या घरात ती आणि बाबा दोघंच. विनोद डोंगरवार पाणीपुरवठ्याच्या पंपघरात निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं पाळीवर जात राहिले. त्यांनी तिला कधी रागावून विचारलं नाही. पण नातेवाइकांकडे कुणी "केतकी सध्या काय करते?" असं विचारलं, की ते चपला शोधायला लागायचे.

२०४१च्या जानेवारीत तिने ओढ-उपचाराची जाहिरात वाचली.

ती गेली ती नागपुरातल्याच एका मेंदूविज्ञान संस्थेत. तिथल्या डॉ. वासंती पाठराबे पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी केतकीला आधी एका पिंजऱ्यापाशी नेलं. आत मुनियाच्या जातीचा अंगठ्याएवढा एक पक्षी एकच तान पुन्हा पुन्हा घेत होता.

"हा दिवसातून हजार वेळा हीच ओळ म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकायला मादी नाही. चांगलं म्हटलं म्हणून कुणी दाणा टाकत नाही. मग का म्हणत असेल?"

"सवय?"

"सवय असती तर रोज तशीच म्हणाला असता. हा रोज थोडी सुधारून म्हणतो. याच्या मेंदूत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. मागच्या वेळेपेक्षा तान जरा बरी लागली, की त्या पेशी एकदम चेततात. तेवढं बक्षीस त्याला पुरतं."

माणसांतही तसाच पुंजका असतो, त्यांनी सांगितलं. काही माणसांत तो लहानपणीच एखाद्या कामाशी जोडला जातो, आणि मग ते माणूस आयुष्यभर तबल्याच्या नाहीतर गणिताच्या मागे असतं. बहुतेकांत तो या कामावरून त्या कामावर उडत राहतो. डॉक्टरांच्या गटाने शोधलं होतं ते एवढंच, की त्या पुंजक्यावर नेमक्या जागी ध्वनिलहरी सोडल्या तर त्याच्या जोडण्या काही दिवस मऊ पडतात, पक्ष्याच्या पिल्लाच्या असतात तशा. त्या काळात माणूस जे काम रोज मन लावून करेल, त्या कामाशी पुंजका जोडला जातो. मग लहरी बंद करायच्या. जोडणी घट्ट होते आणि साधारण पाच वर्षं टिकते. त्यानंतर पुन्हा एकदा लहरी द्याव्या लागतात, नाहीतर ती हळूहळू सुटते.

"कुठलंही काम?"

"कुठलंही. पण हा प्रयोग माणसं टिकत नाहीत अशा चार कामांसाठी आहे." त्यांनी यादी पुढे केली. वृद्धांची शुश्रूषा, सांडपाणी शुद्धीकरण, बियाणं जतन, पूल निरीक्षण.

केतकीने पूल निवडले. पुढे अनेकांनी तिला कारण विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं: त्यांचं प्रशिक्षण येत्या सोमवारीच सुरू होणार होतं.

फॉर्मवर घरच्या एकाची सही लागत होती. बाबांनी तो वाचलाही नाही, लगेच सही केली.

चाळीस दिवस ती सकाळी अर्धा तास संस्थेत लहरी सोडणारा टोप घालून बसे आणि नंतर रामटेके सरांबरोबर पुलांखाली हिंडे. रामटेके सर निवृत्तीला आलेले, बुटके आणि कमी बोलणारे निरीक्षक होते. ड्रोन पुलाचे हजार फोटो काढून आणायचं, तरी सर हातोडी घेऊन शिडीवर चढायचे आणि काँक्रीट ठोकून बघायचे. "फोटोत आवाज येत नाही," एवढंच म्हणायचे.

पहिले अठरा दिवस केतकीला फक्त ऊन लागलं. एकोणिसाव्या दिवशी एका तुळईच्या पोटावर हातोडी मारताना तिला टणक आवाजांच्या रांगेत एक किंचित जाडसर आवाज ऐकू आला. तिने पुन्हा मारली. पोकळी होती. वहीएवढा पापुद्रा आतून सुटला होता, आणि वरून एक भेगसुद्धा नव्हती. सरांनी मान डोलावली. केतकीच्या मानेवर काटा आला. घड्याळात दोन वाजून गेले होते आणि तिला भूक लागल्याचं कळलं नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं ती सुखात होती. प्रेमात पडलेल्या माणसाचं असतं तसं ते सुख होतं. ती जेवताना खांब आणि तुळईमधल्या बेअरिंगबद्दल बोलायची. दोन गाळ्यांमधल्या सांध्यावरून ट्रक गेला की होणाऱ्या आवाजावरून सांध्यात किती माती भरली आहे ते सांगायची. पूर्व विदर्भातल्या एकशे बारा पुलांची जबाबदारी तिच्याकडे आली, आणि त्यातला सगळ्यात लाडका होता चुलबंद नदीवरचा बोरखेडीचा पूल. नऊ गाळ्यांचा, अरुंद, पन्नास-पंचावन्न वर्षांचा. ती नोकरीला होती त्या पूल निरीक्षण कक्षाने तो पाडायच्या यादीत टाकला होता. केतकीने तो वाचवला. सांधे बदलून घेतले, कठडे नवे करून घेतले, दोनदा मुदत वाढवून आणली. बोरखेडीच्या लोकांनी शाळेत बोलावून तिला शाल आणि नारळ दिला.

रोशन तिला तिथेच भेटला. तो पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करायचा. घर बोरखेडीत आणि दवाखाना नदीपलीकडे, त्यामुळे दिवसातून चार वेळा पुलावरून मोटारसायकल घेऊन जायचा. तिला खांबाला लटकलेली पाहून त्याने पहिल्यांदा वरून ओरडून विचारलं होतं, "मॅडम, पडल्या तर कोणाला सांगू?"

लग्नाआधी तिने त्याला उपचाराचं सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे तुला पूल आवडतात ते टोपामुळे?"

"हो."

"मला म्हशी आवडतात. टोप न घालता." तो हसला. "आपल्या दोघांत जास्त येडं कोण, ते ठरवून सांग."

पाच वर्षं भरली तेव्हा डॉ. पाठराबेंचा फोन आला. मार्चअखेर येऊन दहा दिवस लहरी घ्या, म्हणजे जोडणी सुटणार नाही. केतकी लगेच हो म्हणाली. पण मार्चमध्ये पावसाळ्याआधीची तपासणी सुरू होत होती. एप्रिलमध्ये दोन पूल ठेवायचे की पाडायचे, याचे निकाल तिच्या हातात होते. "झालं की येते," म्हणून तिने तीनदा तारीख पुढे ढकलली. कामाच्या ओढीनेच तिला ओढ टिकवायला सवड दिली नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती एका पुलाच्या सावलीत डबा खात होती आणि तिने घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. बारा पस्तीस.

डबा झाकून ती हातोडी घेऊन उठली. वीस-पंचवीस ठोके मारले. आवाज तिला कळत होते, टणक कुठला, पोकळ कुठला, सगळं नीट कळत होतं. फक्त त्यात आता काही नव्हतं. ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मग खाली उतरली आणि नदीकाठच्या दगडावर बसून रडली.

त्या आठवड्यात रोशनने ओळखलं. ती जेवताना बोलत नव्हती. शनिवारी सकाळी त्याने चहाचे कप धुता धुता, तिच्याकडे पाठ करून विचारलं, "मी तुले त्याच पुलावर भेटलो. पाच वर्षांतलाच आहो मी बी. माझंही सुटेल का मग?"

"माहीत नाही रे."

"डॉक्टरला विचार ना."

"विचारलं. त्या म्हणाल्या, असा अभ्यास कुणी केलेला नाही."

त्याने कप पुसून फळीवर ठेवले. "बरं," म्हणाला, आणि बाहेर गेला.

संस्थेने तिला जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली. तोवर तिला बोरखेडीच्या पुलाचा वार्षिक अहवाल पुरा करायचा होता. एरवी ती तो एका बैठकीत लिहायची. यंदा वाक्य सुचेना, म्हणून तिने आपलेच जुने अहवाल काढले आणि कंटाळलेला माणूस परक्याची फाईल वाचतो तसे पहिल्या पानापासून वाचत गेली.

चौथ्या खांबाचा कल: तीन मिलिमीटर. शेरा: मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत.

पुढच्या वर्षी पाच. शेरा: दुपारी तापलेल्या काँक्रीटमुळे फरक संभवतो.

त्याच्या पुढच्या वर्षी आठ. शेरा: खांबाभोवतीचा गाळ असमान, गाळ काढल्यावर पुन्हा पाहावे. एकंदर स्थिती समाधानकारक.

केतकी पाणी प्यायली. प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका पुलाचा खांब सहा मिलिमीटर कलला, तर तिने आठ दिवसांत जड वाहनं बंद करायला लावली होती. इथे आठ झाले तरी ती कारणं शोधत राहिली. आईने पोराचा ताप हाताला लागत असूनही "खेळून आलाय म्हणून अंग गरम आहे" म्हणावं, तसे ते शेरे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, काँक्रीट थंड असताना, तिने खांब मोजला. तीनदा मोजला. बारा मिलिमीटर. मग गळ्याएवढ्या पाण्यात उतरून खांबाच्या पायथ्याशी लोखंडी सळई खुपसली. इतर खांबांपाशी सळई हातभर जाऊन अडत होती. चौथ्यापाशी ती मुठीपर्यंत गेली. खांबाच्या पायाखालची वाळू सरकत होती.

काठावर येऊन, ओल्या कपड्यांनीच तिने रामटेके सरांना फोन लावला. ते आता मुलाकडे वर्ध्याला असायचे. तिने आकडे सांगितले, शेरेही वाचून दाखवले.

"बंद कर," सर म्हणाले.

"सर, तुम्ही असतात तर तीन वर्षांपूर्वीच पकडलं असतंत. तुमची तर चाळीस वर्षांची ओढ..."

"कसली ओढ? मला पूल कधीच आवडले नाहीत, केतकी. भीती वाटते मला त्यांची. म्हणून बघतो नीट."

तिने अहवाल लिहिला. आधीच्या दोन वर्षांचे आपले शेरे चुकीचे होते, हेही त्यात लिहिलं. जूनच्या नऊ तारखेला पुलाच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे बसले. पलीकडे जायला आता सव्वीस किलोमीटरचा वळसा होता.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. याच माणसांनी तिला शाल दिली होती. सरपंच सुलोचनाबाई नागोसे शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हणत होत्या पूल मजबूत आहे म्हणून. तेव्हा चुकल्या, तर आता चुकून नाही राहिल्या कशावरून?"

केतकी उभी राहिली. "तेव्हाही आकडे हेच सांगत होते. मी त्यांना कारणं चिकटवली. आता नुसते आकडे लिहिलेत."

"काऊन चिकटवली कारणं?"

"मला हा पूल फार आवडायचा," केतकी म्हणाली. सभागृहात कुणीतरी हसलं. सुलोचनाबाई हसल्या नाहीत.

घरी सासूबाईंनी आठ दिवस तिच्याशी धड बोलणं टाकलं. एकदाच म्हणाल्या, "आपल्याच घरची सून, अन् आपल्याच गावचा रस्ता बंद केला बाई." केतकी त्यांच्या पानात भाजी वाढत राहिली.

पावसाळा नेहमीसारखाच गेला. नदीला दोन पूर आले. पूल पडला नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री नदीपलीकडच्या वत्सलाबाईंची गाय अडली. रोशन घरून वळशाने पोचेपर्यंत उशीर झाला होता, गाय आणि वासरू दोन्ही गेली. तो घरी आला, अंगणात हात धुतले आणि म्हणाला, "पाऊण तास आधी पोचलो असतो तर वाचली असती." मग दोन दिवस तो दवाखान्यातच जेवला.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर म्हणाला, "पूल उभाच आहे अजून."

"हो."

"पडला असता तर बरं झालं असतं, असं येऊन गेलं मनात. कोणी वर नसताना." तो स्वतःशीच चरकला. "काय बोलून राहिलो मी!"

"माझ्याही आलं होतं," केतकी म्हणाली. त्या दिवशी ते दोघं पुष्कळ दिवसांनी एका ताटात जेवले.

हिवाळ्यात बाहेरून तीन तज्ज्ञ आले. त्यांनी पायाभोवती खणून पाहिलं. दोघांचं मत पडलं, पूल अजून आठ-दहा वर्षं सहज उभा राहिला असता. तिसऱ्याचं मत पडलं, पुढच्या मोठ्या पुरातच गेला असता. अहवाल छापून आला, त्यात दोन्ही मतं होती.

टोपाची जूनची तारीख तर केव्हाच टळून गेली होती. जानेवारीत डॉ. पाठराबेंनी तिला पुन्हा बोलावलं. त्याआधी ती एक दिवस बाबांकडे राहिली. निवृत्तीनंतर ते गच्चीवर कुंड्या लावत होते.

"बाबा, तुम्हाला पंपघरातलं काम आवडायचं का?"

"नाही." ते माती दाबत होते. "एक दिवसही नाही."

तिला वाटलं होतं, ते काहीतरी धीराचं बोलतील. "मग एकतीस वर्षं?"

"मग काय. पाळी आली की जायचं." त्यांनी हात झटकले. "म्हणून तर तुझ्या फॉर्मवर लगेच सही केली. मला कुणी दिला असता ना टोप, मी दोन घातले असते, एकावर एक. तू पुलांबद्दल बोलायचीस तेव्हा मला हेवा वाटायचा पोरी. घे परत. सुखाला लाथ मारू नको."

ती रात्रभर त्या वाक्याचा विचार करत राहिली, आणि सकाळी संस्थेत गेली तेव्हाही तिचं ठरलं नव्हतं.

टोप टेबलावर होता. डॉक्टर थकलेल्या दिसत होत्या. बोरखेडीचा अहवाल त्यांनी वाचला होता, आणि सांडपाणी केंद्रावरूनही तशाच एक-दोन गोष्टी कानावर आल्या होत्या.

"डॉक्टर, माणसाला खरी ओढ असते का? टोपाशिवायची?"

"असते. स्कॅनमध्ये दिसते. पण ती योग्य कामाशीच जोडलेली असते, असं स्कॅन सांगत नाही. आम्हाला आधी वाटलं होतं, ओढ लागली की माणूस काम चांगलंच करणार. पक्ष्याचं बरं असतं. त्याची तान चुकली तर कुणी नदीत पडत नाही."

केतकीने टोप हातात घेतला. आतलं अस्तर गुळगुळीत होतं. ते पाच वर्षांचं सुख तिला आठवत होतं. दोन वाजून गेल्याचं न कळणं, उद्या कुठला पूल म्हणून झोपेआधी वाटणारी उत्सुकता. हे सगळं दहा दिवसांत परत मिळणार होतं, आणि तिला ते हवं होतं. नको आहे असं ती स्वतःला पटवू शकली नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली. "पण मला कक्षाला एक पत्र लिहायचंय. तुमची सही हवी."

पत्र लहान होतं. यापुढे प्रत्येक पुलाचा अहवाल दोघांनी पाहावा. एकाला त्या पुलाची ओढ असावी, कारण त्याला पोकळ आवाज सगळ्यांत आधी ऐकू येतो. दुसऱ्याला नसावी. दुसऱ्याने फक्त आकडे आणि शेरे शेजारी ठेवून वाचावेत. डॉक्टरांनी ते दोनदा वाचून सही केली. कक्षाने सहा महिने घेतले, पण मानलं. दुसरी वाचक म्हणून पहिलं नाव केतकीचं लागलं.

ते काम तिला आवडत नाही. दिवसाला चार अहवाल वाचायचे, लिहिणाऱ्याला फोन करायचा, "हा शेरा कशावरून?" असं विचारायचं. लिहिणारे चिडतात. एकीने तर तिला, तुम्हाला पुलांचं काही पडलेलंच नाही, असं सुनावलं. केतकीने ऐकून घेतलं आणि शेरा बदलून घेतला. चौथा महिना आला तेव्हा तिचे पाय नेहमीसारखे जड झाले. तशाच जड पायांनी ती पाचव्या महिन्यात गेली. आता दीड वर्ष झालं. कधीकधी, एखाद्या शेऱ्यात तिला कुणाचातरी लाड दिसतो आणि मग ती तो अहवाल बाजूला काढून ठेवते. तेवढ्यापुरती ती जागी असते. संध्याकाळी सहा वाजता ती घरी येते.

गेल्या रविवारी ती रोशनबरोबर पलीकडच्या गावात गेली. एका म्हशीचे दिवस भरले होते आणि वळशाचा रस्ता असल्याने तो हल्ली आधीच जाऊन बसतो. गोठ्याबाहेर बाजेवर दोघं बसली. घरमालकिणीने चहा दिला, मग दुसऱ्यांदा दिला. म्हैस रवंथ करत उभी होती. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

केतकीने जांभई दिली. रोशनने तिच्याकडे पाहिलं.

"कंटाळा आला ना?"

"खूप."

"गाडीची चावी घे अन् जा घरी. मी येतो मागून कोणासोबत."

तिने पाय वर घेतले, गोठ्याच्या भिंतीला पाठ नीट टेकवली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"बसते ना," ती म्हणाली.